‘रडू नका, ते प्रभुघरी गेलेत’

प्रश्न थोडक्यात असा आहे. वानवडीत राहणाऱ्या एका ताईंचे यजमान फेब्रुवारीत हृदयविकाराने अचानक गेले, वय ५४. घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. दफनविधीच्या दिवसापासून चर्चच्या मंडळीतली माणसं सांगताहेत, ‘रडू नका, ते प्रभुघरी गेलेत, तुमची साक्ष राहिली पाहिजे’, म्हणजे तुमचा विश्वास चारचौघांना वागण्यातून दिसला पाहिजे. ईस्टरला ताई उपासनेला गेल्या, पण पहिल्याच गीताला आवाज फुटला नाही, आणि विश्वासांगीकारातले (उपासनेत सगळे मिळून म्हणतात त्या विश्वासाच्या कबुलीतले) ‘शरीराचे पुन्हा उठणे’ हे शब्द ओठांवर आले नाहीत. त्या विचारतात, माझा विश्वास मुळात खोटाच होता का? सोबत आणखी प्रश्न आहेत: ते आत्ता कुठे असतील, भेटले तर मला ओळखतील का, पुनरुत्थानात, म्हणजे मेलेले पुन्हा उठतील तेव्हा, लग्नच नाही म्हणतात ते खरं का, बारा वर्षांच्या मुलीला काय सांगू, आणि कबरीच्या दगडावर काय लिहू?

ताई, आधी एक कबुली. ‘रडू नका’ हे वाक्य घेऊन जे तुमच्या दारात आले, त्यांच्या रांगेत एकेकाळी मीही होतो. पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, म्हणून माझी पहिली नेमणूक नगर जिल्ह्यातल्या एका लहान मंडळीत झाली. सेमिनरीतून नुकताच बाहेर पडलेलो, सगळ्याची उत्तरं तोंडपाठ. आठ महिन्यांचं मूल गेलेल्या एका बाईंसमोर बसून मी म्हणालो, ‘देवाने आपल्या बागेसाठी कळी खुडून नेली.’ त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘त्याच्या बागंत काय कमी हुतं?’

मला उत्तर आलं नाही. त्या रात्री कंदिलाजवळ बसून शोधलं, तर ते कळीचं वाक्य बायबलमध्ये कुठेच नव्हतं. कुठल्या तरी प्रवचनात ऐकलं, गोड वाटलं आणि खिशात ठेवलं, इतकंच. त्या बाई पुढे दीड वर्ष देवळाची पायरी चढल्या नाहीत, आणि त्यात त्यांची चूक होती असं मला वाटत नाही.

म्हणून तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर लगेच देतो. तुमचा विश्वास खोटा नव्हता. पुनरुत्थानाच्या नावाखाली तुम्हाला दुसरंच काहीतरी दिलं गेलं, आणि ते तुमच्या दुःखाच्या मापाचं निघालं नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक दफनविधीला वाचतात, तुमच्याकडेही वाचला असेल. ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’ हे वाक्य त्यातलंच. पण आपण ते वाक्य उचलतो आणि आजूबाजूची गोष्ट घाईने ओलांडतो. बेथानीत लाजर आजारी पडतो, बहिणी निरोप पाठवतात, येशू उशिरा येतो. तोवर लाजराला कबरीत ठेवून चार दिवस झालेले. बहिणींपैकी मार्था त्याला वेशीबाहेर गाठते आणि पहिलंच वाक्य काय बोलते? तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. हा आळ आहे, आणि येशू तिला त्याबद्दल एका शब्दानेही टोकत नाही. पुढे तो म्हणतो, तुझा भाऊ उठेल. त्यावर मार्था म्हणते, हो, शेवटच्या दिवशी उठेल, माहीत आहे मला. त्या ‘माहीत आहे मला’मधला थकवा ऐका. सात महिने लोक तुम्हाला जे सांगताहेत, ते तिलाही माहीत होतं. माहीत असून छाती हलकी होत नव्हती.

मग मार्थेची बहीण मरिया येते, रडत. आणि बायबलमधलं सगळ्यात लहान म्हणून आपण पोरांना पाठ करायला लावतो ते वचन येतं: येशू रडला. विचार करा, काही क्षणांतच तो लाजराला हाक मारून बाहेर काढणार आहे, आणि हे त्याला ठाऊक आहे. ज्याला शेवट ठाऊक आहे तोही आधी रडतो. ‘विश्वास असेल तर रडायचं कशाला’ म्हणणाऱ्यांनी या वचनाचं काय करायचं ते ठरवावं. शिवाय तो नुसता गहिवरला नव्हता. दोन वचनं आधी त्याच्या मनःस्थितीसाठी जो ग्रीक शब्द आलाय, त्यात राग आहे. घोड्याच्या फुरफुरण्यासाठीही तो शब्द वापरत. कबरीसमोर उभा राहून येशू संतापला होता.

कोणावर? माझ्या वाचनात तरी मरणावर. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला पत्र लिहिताना मरणाला कोणतं नाव दिलंय ते पाहा: ‘जो शेवटला शत्रू नाहीसा केला जाईल तो मृत्यू होय.’ शत्रू. आपण मात्र सांत्वनसभेत त्याला मित्र करून टाकतो, सुटका म्हणतो, देवाची योजना म्हणतो. ५४ वर्षांचा धडधाकट माणूस सकाळी चहा पिऊन उठतो आणि दुपारपर्यंत नसतो, याला ख्रिस्ती शास्त्र ‘बरं झालं’ म्हणत नाही. ते म्हणतं, हा शत्रूचा वार आहे आणि शत्रू शेवटी हरेल. ‘शेवटी’ हा शब्द त्यात आहे. तोवर वार लागतो, रक्त येतं.

लोक पौलाचं आणखी एक वाक्य अर्धवट वापरतात. थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, चौथ्या अध्यायात, झोपी गेलेल्यांविषयी खेद करू नका असं आहे ना, असं तुम्हालाही कोणीतरी ऐकवलं असेल. पूर्ण वाक्य असं: ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका. खेदाची जात बदललीय, खेद काढून घेतलेला नाही. आणि त्या भागाच्या शेवटी पौल म्हणतो, या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. रडायलाच बंदी असती तर सांत्वन कोणाचं करायचं होतं?

आता पुनरुत्थान म्हणजे नक्की काय, ते बोलू. इथे आपल्या मंडळीतही बराच गोंधळ आहे. तुमच्या सोसायटीतल्या काकू रोज संध्याकाळी येऊन बसतात आणि ‘आत्मा अमर असतो, देह म्हणजे जुनं वस्त्र’ असं सांगतात, असं तुम्ही लिहिलंय. काकूंचं येणं लाखमोलाचं आहे, ते चालू राहू द्या. मंडळीतले पंच जेव्हा फिरकायचे बंद झाले तेव्हा त्या येत होत्या. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला तो दिलासा कोट्यवधी लोकांना आधार देत आलाय आणि मी त्याच्याशी वाद घालणार नाही. फक्त तो आणि आपला दिलासा एक नाहीत. आपल्या विश्वासांगीकारात ‘आत्म्याचं अमरत्व’ असे शब्द नाहीत, ‘शरीराचे पुन्हा उठणे’ असे आहेत. जुना आणि जरा अवघडच दावा आहे हा. करिंथमधल्या ग्रीक वळणाच्या लोकांना तो पचत नव्हता, म्हणून तर पौलाला त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय लिहावा लागला.

हा फरक पुस्तकी नाही, तो तुमच्या घरापर्यंत येतो. तुम्ही लिहिलंय की ते कामावरून आले की बेल न वाजवता स्कूटरच्या किल्लीने दाराची ग्रिल वाजवायचे, आणि अजूनही साडेसातला तुम्हाला तो आवाज ऐकू येतो. ताई, तुम्हाला ज्याची आठवण येते तो एखादा निराकार आत्मा नाही. ती किल्ली धरणारा हात आहे, त्या हाताचा वास आहे, जिन्यातला पावलांचा ठेका आहे. देह हे फक्त वस्त्र असतं तर तुम्ही वस्त्रासाठी रडताय असं म्हणावं लागलं असतं. ख्रिस्ती विश्वास तसं म्हणत नाही. देवाने माणूस घडवला तो मातीसकट घडवला आणि सोडवणार तोही मातीसकट. म्हणून तर आपण मृतदेहाला अंघोळ घालतो, ठेवणीतला सूट घालतो, पेटीत नीट निजवतो, मूठमाती देतो. सिमेटरी हा शब्द आपण पुण्यात सर्रास वापरतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘झोपायची जागा’. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी मुद्दाम तो उचलला. सोलापूर रस्त्याने जाताना सेंट सेपल्कर दफनभूमीच्या जुन्या भिंतीपलीकडे दिसतात त्या कबरी या हिशेबाने शयनगृहातले पलंगच.

(इथे एक उपकथा. कोविडच्या दोन वर्षांत काही ख्रिस्ती घरांत दफनाऐवजी दहन करावं लागलं, आणि ती माणसं अजून मला दबक्या आवाजात विचारतात, ‘पाळकसाहेब, मग आमचं माणूस उठेल ना?’ उठेल. देव हाडांवर अवलंबून नाही. समुद्रात बुडालेले, आगीत जळालेले, सिंहांनी खाल्लेले रक्तसाक्षी यांचा प्रश्न मंडळीने पहिल्या शतकांतच सोडवला होता. कॅथलिक चर्चनेही १९६३ साली दहनाला मुभा दिली.)

पौल पंधराव्या अध्यायात उदाहरण देतो ते बियाण्याचं. ते मला सेमिनरीत कळलं नव्हतं, माझ्या आईने कळवलं. माझा धाकटा भाऊ विहिरीत पडून गेला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. आई दोन दिवस पाण्याला शिवली नाही. तिला अक्षरओळख फारशी नव्हती, पण रविवार चुकवायची नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, रब्बीच्या पेरणीनंतर, बांधावर बसलेली असताना मी तिला विचारलं, ‘आई, वाटतं का गं तुला, उठंल तो?’ ती समोरच्या काळ्या रानाकडे पाहत म्हणाली, ‘पेरलेलं रान आन पडीक रान, पयले आठ दिस सारकंच दिसतं रं.’

त्यानंतर ती ढसाढसा रडली. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण ही गोष्ट मी प्रवचनात सांगतो तेव्हा लोक पहिलं वाक्य लिहून घेतात आणि दुसरं विसरतात. तिला आशा होती आणि ती रडत होती, एकाच बांधावर, एकाच दुपारी. पुढची वीस वर्षं ती दर पेरणीला रडली. तिचा विश्वास कच्चा होता असं म्हणायची माझी तरी छाती नाही.

आपल्याच भागातलं आणखी एक उदाहरण देतो. पंडिता रमाबाईंचं नाव तुम्हाला ठाऊक आहेच. त्यांनी उभारलेलं केडगावचं मुक्ती मिशन पुण्याहून रेल्वेने फार लांब नाही. त्यांच्या कार्याविषयी पुष्कळ बोललं जातं, पण त्यांनी किती माणसं गमावली ते क्वचितच कोणी मोजतं. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील आणि थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास. १८८२ च्या फेब्रुवारीत नवरा, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. त्याच वर्षी तान्ह्या मुलीला घेऊन विधवा रमाबाई पुण्यात आल्या. ख्रिस्ती त्या झाल्या पुढे, १८८३ मध्ये. आणि ती मुलगी, मनोरमा, जिच्या हाती सगळा कारभार सोपवायचा होता, ती १९२१ मध्ये चाळिशीत गेली. रमाबाई त्यावेळी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत उतरवण्याच्या शेवटच्या टप्प्यात होत्या, खेड्यातल्या बायकांना कळेल अशा साध्या मराठीत. वर्षही उलटलं नाही तोच, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्याही गेल्या. मला राहून राहून वाटतं, मार्थेचं ते ‘तुम्ही इथे असता तर’ या बाईने मराठीत लिहिलं तेव्हा तिच्या मनात किती नावं आली असतील. पुनरुत्थानावरचा विश्वास म्हणजे सुखवस्तू माणसांची समजूत, असं कोणी म्हणालं की मी केडगावचं नाव घेतो.

आता तुमचे बाकीचे प्रश्न.

ते आत्ता कुठे आहेत? वचनात दोन धागे आहेत आणि मी ते ओढून एक करणार नाही. वधस्तंभावरच्या चोराला येशू म्हणाला, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. दुसरीकडे पौल गेलेल्यांना निद्रा घेणारे म्हणतो आणि सगळं शेवटच्या दिवसावर ठेवतो. मंडळ्यांच्या रीती यावरूनच वेगळ्या झाल्या: कॅथलिक आणि काही अँग्लिकन मृतांसाठी प्रार्थना करतात, आपल्यातले बरेचसे फक्त त्यांच्यासाठी उपकारस्तुती करतात. दोन्ही धाग्यांत समान आहे ते एवढंच, की ते ख्रिस्ताच्या हातात आहेत आणि त्यांची वाट बघणं अजून संपलेलं नाही. तुम्ही वाट पाहताय, तेही पाहताहेत. मला हे पुरतं. तुम्हाला आज पुरलं नाही तरी चालेल.

ओळखतील का? उठलेल्या येशूच्या गोष्टी यासाठी सावकाश वाचा. मग्दालीया मरिया त्याला माळी समजली. त्याने ‘मरिये’ अशी हाक मारल्यावर तिला कळलं. अम्माऊस गावाच्या वाटेवर दोघे शिष्य त्याच्याशी तासन्‌तास बोलले आणि ओळखलं कधी, तर भाकर मोडताना. थोमाने खिळ्यांचे वण पाहिले. चेहऱ्याने कोणीच ओळखलं नाही, ही मोठी गंमत आहे. ओळख पटली ती हाकेवरून, हातांच्या सवयीवरून, जखमांवरून. ग्रिलवर वाजणाऱ्या किल्लीसारख्या गोष्टींवरूनच. आणि वण पुसले गेले नव्हते हेही ध्यानात घ्या. जे सोसलं ते नव्या शरीरातून खोडून टाकलेलं नाही.

लग्नाचा प्रश्न तुम्ही कागदाच्या अगदी खाली, बारीक अक्षरात लिहिलाय. विधवा बायका हा प्रश्न नेहमी शेवटी, उठता उठता विचारतात, आणि पाळक नेहमी घाईत असतात. मत्तयाच्या बावीसाव्या अध्यायात येशू म्हणतो की पुनरुत्थानात लग्न करून घेत नाहीत, करून देत नाहीत. पण तो कोणाला उत्तर देतोय? सदूकींना, ज्यांना पुनरुत्थान मान्यच नव्हतं. त्यांनी कोडं घातलं होतं: सात भावांनी एकामागून एक, वंश चालावा म्हणून, एकाच विधवेशी लग्न केलं, तर ती कोणाची? ‘कोणाची’ या शब्दाकडे पाहा. त्यांच्या कोड्यात ती बाई म्हणजे घरातलं भांडं, हातोहात फिरणारं. येशू तो हिशेबच मोडतो: तिथे ती कोणाचीही मालमत्ता नसेल. नातं पुसलं जाईल असं तो कुठेही म्हणत नाही. उलट लगेच पुढे म्हणतो, देव अब्राहाम, इसहाक, याकोब यांचा देव आहे, आणि तो मेलेल्यांचा देव नाही. बाप, मुलगा, नातू, तिघांची नावं शाबूत, नात्यासकट. लग्नाची शपथ मरणापर्यंतच होती, ती तुम्ही पाळलीत, पुरी झाली. प्रीतीला तशी मुदत घातलेली नाही. ‘प्रीती कधी अंतर देत नाही’ हे वचन आपण लग्नात वाचतो, खरं तर ते दफनविधीलाही वाचायला हवं. ते नातं तिथे कोणत्या रूपात असेल ते कल्पनेपलीकडचं आहे, पण इथल्यापेक्षा कमी असणार नाही.

मुलीच्या बाबतीत मात्र स्पष्ट सांगतो. ‘बाबा झोपलेत’ म्हणू नका. पौलाची उपमा मोठ्यांसाठी आहे. मुलं रात्री झोपायला घाबरू लागतात, मी पाहिलंय. ‘देवाला बाबा आवडले म्हणून नेलं’ हे तर मुळीच नको, नाहीतर ज्या देवाने बाबा चोरले त्याच्यावर ती प्रेम कसं करेल? बाबा मेले, त्यांचं हृदय बंद पडलं, हे ‘मेले’ या शब्दासकट सांगा. मग म्हणा, आपला विश्वास आहे की देव त्यांना पुन्हा उठवेल, आणि मलाही त्यांची रोज आठवण येते. ‘खरंच उठतील का?’ असं तिने विचारलं तर ‘मला आज शंका वाटते, पण मी धरून आहे’ असं म्हणालात तरी चालेल. बारा वर्षांच्या मुलांना खोटा आवाज लगेच कळतो. आणि तिच्यासमोर रडा. न्हाणीघरात नळ सोडून रडणारी आई मुलीला रडणं लपवायला शिकवते.

ईस्टरचं गाणं. ताई, मार्काच्या शुभवर्तमानाची सगळ्यात जुनी हस्तलिखितं जिथे संपतात तिथे काय आहे माहीत आहे? कबर रिकामी पाहून बायका थरथरत पळून गेल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्यांना भीती वाटत होती. पहिल्या ईस्टरच्या सकाळी कोणीही गात नव्हतं. गायन-मंडळी, लिलीच्या फुलांची सजावट, केक, हे सगळं नंतर आलं, आणि चांगलंच आहे. पण त्या सकाळी तुम्ही बाकावर मुकाट बसलात, म्हणजे त्या बायकांच्या रांगेत बसलात.

विश्वासांगीकाराच्या वेळी शब्द आले नाहीत तर येऊ देऊ नका. उभ्या राहा आणि शेजारच्यांना म्हणू द्या. तो विश्वासांगीकार पहिल्यापासून मंडळीचा आहे, एकट्यादुकट्याचा नाही, आणि उचलून न्यायची सोय त्यातच आहे. चार मित्रांनी छप्पर उस्तरून पक्षाघाती माणसाला खाली सोडलं ती गोष्ट आठवा. त्यात लिहिलंय, येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. खाटेवरच्या माणसाच्या विश्वासाची चौकशी कोणी केली नाही. सध्या तुम्ही खाटेवर आहात. मागच्या बाकावर बसा, गीत चालू असताना बाहेर जावंसं वाटलं तर जा. कोणी ‘साक्षी’चा विषय काढला तर सांगा, पाळकांनी मला सुट्टी दिलीय. माझं नाव घ्या, मी निस्तरतो.

स्तोत्रसंहितेतलं ८८वं स्तोत्र वाचा. इतर विलापगीतांत शेवटी बहुधा एखादी ओळ तरी उजळ येते, यात येत नाही, ते अंधारातच संपतं. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे आणि देवालाच उद्देशून आहे. प्रार्थना सुचत नाही तेव्हा तेवढंच म्हणा.

दर आठवड्याला कबरीवर जाणं बरोबर का, असं तुमच्या नणंदेने विचारलं म्हणता. मत्तय सांगतो की दफनानंतर मग्दालीया मरिया आणि दुसरी मरिया कबरीसमोर बसून होत्या. काही न करता, नुसत्या. जा, मंडईतून शेवंती घ्या, बसा. २ नोव्हेंबरला, सर्व आत्म्यांच्या दिवशी, संध्याकाळी मेणबत्त्या लागतात तेव्हा मुलीलाही न्या; इतकी माणसं एकाच वेळी आपापल्या माणसापाशी बसलेली पाहिली की तिला थोडं कमी एकटं वाटेल. कपाटातले कपडे मात्र इतक्यात काढू नका, कोणी कितीही म्हणो. ते कपडे कोणाच्या वाटेत नाहीत.

एक गोष्ट पाळक म्हणून नव्हे, हॉस्पिटलांत बरीच वर्षं भेटी दिलेला माणूस म्हणून सांगतो. दुःखाला मुदत नसते, पण काही खुणा बघायच्या असतात. झोप अजिबात येत नाही, अन्न जात नाही, मुलीकडे लक्ष देणं जमत नाही, वर्ष उलटूनही पहिल्या दिवसाइतकंच सगळं थांबलेलं आहे, किंवा ‘मीही त्यांच्याकडे गेले तर बरं’ असा विचार येतो: यातलं काहीही असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं. शेवटचं असेल तर त्याच दिवशी. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी, असं कोणी म्हणालं तर त्याला त्याच्या बीपीच्या गोळ्यांबद्दल विचारा.

राहिला दगड. सासूबाईंना ‘प्रभूमध्ये निद्रिस्त’ हवंय आणि तुम्हाला ते शब्द नकोत, एवढ्यावरून घरात अबोला आहे, असं तुम्ही लिहिलंय. त्या आई आहेत, त्यांनी लेक गमावलाय. त्यांचे शब्द वरती घ्या. खाली तुमची एक ओळ घ्या, हवी ती, वचन असलंच पाहिजे असं नाही. एका कबरीवर मी नुसतं ‘वाट पाहतोय’ वाचलंय. खाली निम्मा दगड कोरा ठेवायला सांगा. शहरात जागेची टंचाई इतकी आहे की कुटुंबाची नावं बहुतेक एकाच दगडावर येतात, आणि तुम्हालाही ते नको असेल असं वाटत नाही. आणि घाई करू नका. फेब्रुवारीतली कबर आहे, पहिल्या पावसाळ्यात माती खाली बसते. आधी बांधकाम केलं तर दगड कलतो, फरशी तडकते. दसरा होऊ द्या. मग एका सकाळी गवंड्याला घेऊन जा, माती पायाने दाबून बघायला सांगा. घट्ट लागली तर माप घ्या, नाहीतर आणखी एक टोपलं माती टाकून महिनाभर थांबा.